दोन निवृत्त व्यावसायिक सेट दोन मीटर बँडवर आणताना: कामाच्या नोंदी

काम काय आहे

मी हॅम आहे, म्हणजे परवाना घेऊन छंद म्हणून रेडिओवर बोलणारा. एकाच मॉडेलचे दोन व्हीएचएफ रेडिओ सेट हाती आले. दोन्ही गाडीत बसवायचे, २५ वॉटचे, १६ चॅनलचे. अनेक वर्षं वाहनांच्या ताफ्यात चालून निवृत्त झालेले. मागच्या लेबलवर १४८ ते १७४ मेगाहर्ट्झ असा पट्टा छापलेला आहे. आपला, म्हणजे हॅमना दिलेला, दोन मीटरचा बँड १४४ला सुरू होतो, काही देशांत १४६ला संपतो, काही देशांत १४८ला. म्हणजे सगळा बँडच या सेटच्या खालच्या टोकाबाहेर पडतो. एक सेट नेहमीच्या रिपीटरसाठी (सिग्नल ऐकून तोच जोरात पुन्हा सोडणारं स्टेशन) आणि आपत्कालीन पेटीत ठेवायला हवा आहे, दुसरा पॅकेटसाठी, म्हणजे रेडिओवरून कॉम्प्युटरची माहिती पाठवायला.

नवा हॅम सेट न घेता एवढी खटपट का, हे आधी सांगतो. असे सेट दहा ट्रान्समीटरच्या गर्दीत, टॉवरखाली, धुळीत आणि धक्क्यांत चालावेत म्हणून बांधलेले असतात. इंटरमॉड्युलेशन (जोरदार सिग्नल रिसीव्हरमध्ये एकमेकांत मिसळून उठणारे खोटे सिग्नल) दाबायची त्यांच्या रिसीव्हरची क्षमता ७० डेसिबल किंवा त्याहून जास्त असते. माझ्या हँडीवर (हातातल्या छोट्या सेटवर) छतावरचा अँटेना जोडला की पेजरसारखे किडकिड आवाज येतात. तिथे हा सेट शांत बसतो. मागे अॅक्सेसरी कनेक्टर असतो, त्यावर थेट ऑडिओ मिळतो. त्याच्या बदल्यात बँडवर फिरणारी गोल खुंटी सोडावी लागते. जे ऐकायचं ते आधीच ठरवून सेटमध्ये भरावं लागतं.

परवान्याबद्दल एकदाच लिहितो. हॅम परवान्यावर हे सेट फक्त हॅम बँडवर वापरता येतात. आत काय काय भरलेलं आहे आणि सेट कुठवर पोचतो, याने परवान्याची हद्द वाढत नाही.

४ जानेवारी

ओळखीसाठी एका सेटवर लाल ठिपका लावला, दुसऱ्यावर निळा. अँटेनाच्या जागी दोन्हींना डमी लोड, म्हणजे सिग्नल हवेत न जाऊ देता जिरवणारा रेझिस्टर. हे पहिल्या मिनिटापासून करा. जुन्या सेटमध्ये कोणाची चॅनल्स आहेत हे माहीत नसताना चुकून पीटीटी (बोलायचं बटण) दाबलं गेलं तर तो सिग्नल कोणाच्या तरी कामाच्या चॅनलवर जाईल.

लाल सेटला १३.८ व्होल्ट दिले. १० अँपिअरचा फ्युज लागलीच गेला. मी दुसरा फ्युज घातला, तोही गेला. दुसरा फ्युज घालायच्या आधी मीटर लावायला हवा होता. मग लावला. पॉवरच्या दोन वायरींमध्ये अर्ध्या ओहमपेक्षाही कमी.

झाकण काढल्यावर दिसलं. पॉवर जिथे बोर्डावर येते तिथे एक जाडसर काळा डायोड उलटा जोडलेला असतो. कोणी प्लस-मायनस उलटे लावले तर तो डायोड करंट स्वतःवर घेतो, फ्युज उडवतो आणि बाकीचा सेट वाचवतो. हा डायोड मधोमध केसाएवढा चिरला होता, त्याच्याखाली बोर्ड चहाच्या रंगाचा झाला होता. एक पाय सोडवून मोजला तर दोन्ही बाजूंनी शॉर्ट. म्हणजे आधीच्या कोणीतरी कधीतरी उलटं कनेक्शन दिलं होतं आणि डायोडने आपलं काम केलं होतं. त्याच क्षमतेचा नवा डायोड लावला, पट्टीची दिशा दोनदा बघून. सेट चालू झाला.

काही जण असा डायोड काढून टाकतात आणि सेट तसाच चालवतात. तसं करू नका. पुढच्या वेळी उलटं कनेक्शन लागलं तर जाईल तो पॉवर ट्रान्झिस्टर, आणि तो सहज मिळत नाही.

निळ्या सेटचं दुखणं वेगळं. फ्युज शाबूत, १३.८ व्होल्ट आत पोचलेले, पण बटण दाबून काहीच नाही. संध्याकाळ गेली. शेवटी सर्व्हिस मॅन्युअलमध्ये सापडलं: हा सेट गाडीच्या इग्निशनवर चालू व्हावा असा बसवलेला होता. अॅक्सेसरी कनेक्टरच्या एका पिनवर १२ व्होल्ट आल्याशिवाय तो उठत नाही. त्या पिनला पॉवरमधूनच एक वायर दिली, मध्ये छोटा फ्युज घातला, सेट उठला. लाल सेटमध्ये हीच गोष्ट सॉफ्टवेअरमधून बंद केलेली होती, म्हणून तिथे अडलं नाही.

वेळ: साडेपाच तास. त्यातले निदान तीन मॅन्युअल आधी न वाचल्यामुळे गेले.

७ जानेवारी

प्रोग्रॅमिंग केबल. सेटला केबल माइकच्याच आठ पिनच्या सॉकेटमध्ये लागते. तयार केबल न घेता यूएसबीची सिरियल पट्टी घेऊन केबल घरी केली. सॉफ्टवेअर म्हणत राहिलं, सेट उत्तर देत नाही.

तीन शंका होत्या: ड्रायव्हर, व्होल्टेजची पातळी, पिन. एकेक करून तपासलं. आधी केबलच्या सेटकडच्या टोकाला पाठवायची आणि घ्यायची वायर एकमेकींना चिकटवली आणि टर्मिनलमध्ये टाइप केलं. अक्षरं परत दिसली, म्हणजे कॉम्प्युटरपासून इथपर्यंत सगळं ठीक. ही चाचणी दोन मिनिटांची आहे, पहिल्यांदा हीच करा.

मग पातळी. कॉम्प्युटरचा जुना नऊ पिनचा सिरियल पोर्ट प्लस-मायनस व्होल्टेजवर बोलतो, सेटच्या आतला प्रोसेसर शून्य आणि ५ व्होल्टवर. मधे पातळी बदलणारी चिप लागतेच. माझी पट्टी मुळातच ५ व्होल्टची होती, त्यामुळे तीही शंका गेली.

चूक पिनमध्ये निघाली. आठ पिनच्या प्लगमध्ये पहिली पिन कोणती हे प्लग कसा धरला आहे त्यावर ठरतं. मॅन्युअलमधलं चित्र सॉकेटकडे समोरून पाहून काढलेलं होतं, मी ते प्लगचं समजून उलटं मोजलं. याच सॉकेटमध्ये माइकसाठी व्होल्टेज असतं. उलट्या क्रमाने ते सरळ यूएसबी पट्टीच्या चिपमध्ये गेलं असतं. माझ्या केबलमध्ये ती वायर जोडलेलीच नव्हती म्हणून पट्टी वाचली. नवा प्लग क्रिंप केला, पहिल्या झटक्यात सेट वाचला गेला.

जुन्या, डॉसवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरचे सेट घेणाऱ्यांसाठी: ती सॉफ्टवेअर वेगवान कॉम्प्युटरवर वेळेचा हिशेब चुकवतात आणि वाचता-लिहिताना मध्येच अडकतात. खरा सिरियल पोर्ट असलेला जुना संथ लॅपटॉप त्यासाठी सांभाळून ठेवा. लिहिताना मध्येच तुटलं तर सेट अर्धवट माहितीवर बंद पडू शकतो.

९ जानेवारी

दोन्ही सेटमधली मूळ माहिती वाचून दोन वेगळ्या फायलींत ठेवली, एक प्रत पेन ड्राइव्हवर. या फायलीत चॅनल्स असतातच, काही मॉडेलमध्ये त्या त्या सेटची अलाइनमेंटही (कारखान्यातली जुळवणी) असते. एका सेटची फाइल दुसऱ्यात घातली की पॉवर आणि डेव्हिएशन (बोलताना फ्रिक्वेन्सी किती सरकते ते) दोन्ही भलतीकडे जाऊ शकतात.

मग जुनी चॅनल्स पुसली, एकही ठेवलं नाही. त्यात कोणाचे तरी रोजचे कामाचे निरोप चालत असतील. ते ऐकायलाही ठेवणं मला योग्य वाटत नाही. बोटाच्या चुकीने तिथे कॅरिअर (आवाज नसलेला नुसता सिग्नल) जाणं तर मुळीच नको.

नवं चॅनल १४५.५०० भरलं. सॉफ्टवेअरने ताकीद दिली की फ्रिक्वेन्सी पट्ट्याबाहेर आहे, तरी पुढे जाऊ दिलं. सगळी सॉफ्टवेअर जाऊ देत नाहीत. सेट विकत घेण्याआधी त्याचं सॉफ्टवेअर मिळवून हे बघून घ्या. सर्वांत सुखाचा मार्ग म्हणजे मुळातच १३६पासून सुरू होणारा सेट शोधणं. माझ्या हाती तो आला नाही.

सेट चालू केल्याबरोबर अखंड टूं... असा आवाज. पीएलएल (फ्रिक्वेन्सी पक्की धरून ठेवणारं सर्किट) लॉक होत नाही, असं सेट सांगतोय. १४५.६००च्या वर रिसीव्ह लॉक होतं, ट्रान्समिट १४६.३च्या वर. दोन्ही सेटमध्ये थोड्याफार फरकाने हेच.

११ जानेवारी

हा दिवस वाया गेला आणि एक भागही गेला, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या रिपीटरचं आउटपुट १४५.६००च्या वर आहे, म्हणून लाल सेटवर तो ऐकू येत होता. पण अगदी क्षीण, खरखरीत. हँडीवर तोच रिपीटर स्वच्छ. मी असं धरून चाललो की रिसीव्हरच्या तोंडाशी असलेले फिल्टर १४८ ते १७४ला ट्यून आहेत, म्हणून हे होतंय. ऐकायला पटण्यासारखं कारण होतं. सगळे ज्याबद्दल बोलतात तेच कारण होतं.

फिल्टरच्या कॉइलचे कोअर (कॉइलच्या आत फिरणारे फेराइटचे स्क्रू) फिरवायला सुरुवात केली, कानाने, रिपीटर ऐकत. पहिल्या दोन कोअरनी काहीच फरक पडला नाही. तिसरा घट्ट होता. कारखान्यातून त्यावर लाखेचा थेंब असतो. मी जोर लावला. टिक् असा अगदी बारीक आवाज झाला आणि स्क्रूड्रायव्हर मोकळा फिरू लागला. फेराइट अतिशय ठिसूळ असतं. कोअरचं डोकं दोन तुकडे होऊन खाचेत पडलं होतं. करड्या रंगाची, साखरेच्या खड्यासारखी चकाकणारी मोड. खालचा भाग कॉइलमध्ये अडकलेला. सेट आता आधीपेक्षाही बहिरा झाला.

कोअर किती वळसे फिरवले हे लिहून ठेवलं नव्हतं.

रात्री नेटवर (ठरल्या वेळी हॅम रेडिओवर जमतात ती सभा) एका ज्येष्ठ हॅमना सांगितलं. त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. त्यांनी एवढंच विचारलं, "निळ्या सेटवरही रिपीटर तसाच ऐकू येतो का रे?" मी ते पाहिलंच नव्हतं.

१२ जानेवारी

निळा सेट जोडला. तोही तितकाच क्षीण. दोन सेट, एकच दोष. म्हणजे दोष दोघांमध्ये जे सामाईक आहे त्यात असणार: अॅडॉप्टर, केबल, अँटेना.

या सेटना मागे अँटेनासाठी मिनी-यूएचएफ प्रकारचं सॉकेट आहे, माझी केबल मोठ्या यूएचएफ प्लगची. मधलं अॅडॉप्टर मीटरवर धरलं. बाहेरची कडी जोडलेली, मधली पिन हलवली की जुळते, सोडली की तुटते. आतली स्प्रिंग सैल. लाल सेटचा कोअर मी एका सैल अॅडॉप्टरपायी तोडला होता.

नवं अॅडॉप्टर लावलं, निळ्या सेटवर रिपीटर खणखणीत आला.

लगेच अँटेनाही मोजला. सेटबरोबर आलेला पाव तरंगलांबीचा छतावरचा अँटेना ४५ सेंटीमीटर होता, म्हणजे साधारण १६० मेगाहर्ट्झसाठी कापलेला. १४५वर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती सिग्नल परत येतो त्याचं माप, उत्तम म्हणजे १) २.६. पाव तरंगलांबी काढायची तर ७५ला मेगाहर्ट्झने भागा, उत्तर मीटरमध्ये येतं, ५ टक्के कमी करा. १४५ला ४९ सेंटीमीटर होतात. लांब काडी घेऊन ५१वर सुरुवात केली आणि पाच-पाच मिलिमीटर कापत १.२वर आलो. कापलेली काडी परत वाढवता येत नाही, म्हणून सुरुवात लांबच ठेवा.

१६ जानेवारी

आता लॉकचं काम, नीट पद्धतीने.

या सेटमध्ये रिसीव्हसाठी एक व्हीसीओ (व्होल्टेजने फ्रिक्वेन्सी बदलणारा ऑसिलेटर) आणि ट्रान्समिटसाठी दुसरा. दोघांना आपापला ट्रिमर (जुळवायचा छोटा स्क्रू). पीएलएल एका कंट्रोल व्होल्टेजने व्हीसीओला खाली-वर ओढतो. फ्रिक्वेन्सी खाली गेली की हे व्होल्टेज खाली येतं, आणि तळाशी टेकलं की ओढायला काही उरत नाही, लॉक सुटतो. मॅन्युअलमध्ये या व्होल्टेजचा टेस्ट पॉइंट दाखवलेला असतो. तोच शोधायचा.

निळा सेट, रिसीव्ह. १४८वर व्होल्टेज १.१, १४६वर ०.६, १४५.६वर ०.४, त्याखाली लॉक सुटतो. आकडे आधी वहीत लिहिले. मग १४४चं चॅनल लावून ट्रिमर हळूहळू फिरवला. लॉक लागला, आवाज थांबला, १.५ व्होल्टवर सोडला. १४८वर २.२ मिळाले. वरच्या टोकाला, १७४जवळ, आता लॉक सुटतो. ते टोक मला नकोच आहे.

इथे एक गोष्ट कळली. धातूचा स्क्रूड्रायव्हर ट्रिमरवर असताना १.५ दिसत होते, उचलला की १.१. धातू जवळ आला की त्याची कपॅसिटन्स व्हीसीओच्या सर्किटमध्ये मिसळते आणि आकडा फसवा येतो. प्लास्टिकची किंवा सिरॅमिक टोकाची काडीच वापरा. शिवाय शील्डचं झाकण लावल्यावर आकडा पुन्हा थोडा हलतो. माझा ०.२ने हलला. शेवटचा आकडा झाकण लावून घ्या.

ट्रान्समिटचा व्हीसीओ तसाच, डमी लोडवर, प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंदच पीटीटी दाबून. लाल सेटलाही तेच केलं. दोन्ही मिळून दोन तास. व्यवस्थित मोजून केलेलं काम इतक्या लवकर होतं, आणि ११ तारखेला मी सहा तास बसलो होतो.

१८ जानेवारी

काका सिग्नल जनरेटर घेऊन आले. निळा सेट आधी. १४५.५वर १२ डेसिबल सिनॅडसाठी (खरखरीच्या तुलनेत आवाज किती स्वच्छ त्याचं माप) ०.४५ मायक्रोव्होल्ट लागले; जितके कमी लागतील तितका सेट चांगला. १५५वर ०.२६. म्हणजे फिल्टरचा दोष होता खरा, पण तो साडेचार-पाच डेसिबलचा होता. मी ज्याला फिल्टरचा दोष समजत होतो तो बहुतेक सगळा अॅडॉप्टरचा होता.

काकांची पद्धत अशी: प्रत्येक कोअरच्या खाचेची दिशा मार्करने डब्यावर काढायची, लाखेला सोल्डरिंग आयर्नच्या जवळच्या उष्णतेने मऊ करायचं, बरोब्बर बसणारी प्लास्टिकची काडी घ्यायची, एका वेळी अष्टमांश वळसा, प्रत्येक वळशानंतर सिनॅड वाचायचा. कोअर आत गेला की इंडक्टन्स वाढतो, फिल्टर खाली सरकतो. आम्हाला चारही कोअर अर्ध्या ते पाऊण वळशाने आत घ्यावे लागले. शेवटचा आकडा ०.२८. दोन मीटरच्या दोन्ही टोकांना ०.३०च्या आत.

लाल सेटसाठी काकांनी याच घराण्यातल्या एका मेलेल्या सेटचा बोर्ड आणला होता. तुटलेला तुकडा काढायला अर्धा तास लागला. लाकडी दातकोरणीच्या टोकाला सुपर ग्लूचा अगदी बारीक थेंब, तुकड्यावर टेकवून वाळू दिला आणि हलकेच उलटा फिरवत वर आणला. ग्लू कॉइलच्या भिंतीला लागला असता तर कॉइलच बदलावी लागली असती. काकांचा हात जराही हलला नाही. नवा कोअर घातला, ट्यून केला, ०.३१वर थांबलो. निळ्यापेक्षा किंचित मागे. तसाच ठेवला आहे.

२१ जानेवारी

पहिल्यांदा हवेवर. रिपोर्ट आला, "सिग्नल पूर्ण आहे, आवाज फार बारीक आहे." आणि माझ्या बाजूने, जोरात बोलणाऱ्यांचे शब्द तुटत होते. "नमस्कार"मधला "मस्" ऐकू यायचा, पुढे फटफट आणि मध्येच स्क्वेल्च (सिग्नल नसला की आवाज तोडणारी सोय) आवाज तोडायचा.

दोन्हींचं कारण एकच. चॅनल नॅरोवर होतं. १२.५ किलोहर्ट्झच्या चॅनलवर डेव्हिएशन कमाल २.५ किलोहर्ट्झ, २५च्या चॅनलवर ५. आमच्या रिपीटरवर सगळे ५चे. माझा नॅरो सेट अर्ध्याच डेव्हिएशनने बोलत होता आणि बाकीच्यांचे मोठे आवाज माझ्या अरुंद आयएफ फिल्टरच्या (रिसीव्हरच्या आतल्या चाळणीच्या) बाहेर पडत होते. चॅनलवार वाइड केलं, दोन्ही तक्रारी गेल्या. उलट तुमच्याकडे बँड प्लॅन १२.५चा असेल तर नॅरोच ठेवा, नाहीतर शेजारच्या चॅनलवर तुम्ही सांडाल.

२४ ते २६ जानेवारी

दोन दिवस मी समजत होतो की रिपीटर बंद आहे. हँडी पेटीत होता, म्हणून ताडून पाहिलं नाही.

रिपीटर उघडायला सीटीसीएसएस टोन, म्हणजे बोलण्याबरोबर सतत जाणारा हलका सूर, लागतो. हे टोन ६७.० ते २५४.१ हर्ट्झमध्ये असतात. सॉफ्टवेअरमध्ये टोनचे दोन रकाने आहेत, पाठवायचा आणि ऐकायचा. मी दोन्हींत तोच टोन भरला. आमचा रिपीटर आउटपुटवर टोन पाठवतच नाही. त्यामुळे माझा सेट टोनची वाट बघत गप्प होता. ऐकायचा रकाना रिकामा केला, आवाज आला.

याच भागात एक जागा कोणालाही चकवेल. माइक अडकवायचा हुक या सेटसाठी नुसता हुक नाही, स्विच आहे. माइकच्या मागची धातूची गुंडी जमिनीशी जोडलेल्या हुकला टेकली की सेट समजतो, माणूस ऐकत नाहीये, मग टोन असेल तरच आवाज सोडतो. सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय चालू असेल तर माइक उचलला की टोन असो वा नसो, सगळं ऐकवतो. स्कॅनही माइक उचलल्यावर थांबतं. माइक टेबलावर ठेवून काम करणाऱ्याला सेट विचित्र वागतोय असं वाटेल. मी दोन्ही सेटना खरा हुक लावला.

चॅनलची आखणीही याच दिवसांत केली. इथे शिफ्टचं बटण नाही. रिपीटरच्या इनपुट-आउटपुटमधला ६०० किलोहर्ट्झचा फरक हिशेब करून रिसीव्ह आणि ट्रान्समिट वेगवेगळे भरायचे. रिपीटरचं इनपुट थेट ऐकण्यासाठी एक वेगळं चॅनल ठेवलं, कारण समोरचा सरळ ऐकू येतो का हे बघायची दुसरी सोय नाही. अंतराळ स्थानकावरचा आवाज येतो त्या १४५.८००साठी ट्रान्समिटचा रकाना पूर्ण रिकामा ठेवला. तिथे पीटीटी दाबलं तरी सेट नुसता बीप करतो, हवेत काही जात नाही. चॅनल व्यस्त असताना ट्रान्समिट अडवणारी सोय सिंप्लेक्सवर (रिपीटरशिवाय थेट बोलायच्या चॅनलवर) बंद केली. आपत्कालीन नेटवर कुठल्याशा खरखरीने चॅनल व्यस्त वाटलं आणि सेटने बोलूच दिलं नाही, हे चालणार नाही. टाइम-आउट (ठरल्या वेळाने ट्रान्समिट आपोआप तोडणारी सोय) मात्र तीन मिनिटांवर चालू ठेवला. माइक गादीखाली दबला तर बँड अडकून राहू नये.

३० जानेवारी

लांब नेटवर चार मिनिटांत लाल सेटच्या पाठीवर हात ठेवता येईना. २५ वॉट हे ताफ्यातल्या छोट्या निरोपांसाठी आहेत, नेट कंट्रोलच्या (नेट चालवणाऱ्याच्या) भाषणासाठी नाहीत. पॉवर सॉफ्टवेअरमधून १० वॉटवर आणली. २५वरून १०वर येताना समोरच्याचा सिग्नल ४ डेसिबलनेच घटतो. रिपीटरवर कोणाच्या लक्षातही आलं नाही.

याच वेळी कळलं की पूर्ण पॉवरवर सेटपाशी १२.५ व्होल्टच पोचतात. सप्लायवर १३.८. करंट ६ अँपिअर. वायर ०.७५ चौरस मिलिमीटरची, दोन मीटर, जाऊन-येऊन चार. तिच्यावर अर्ध्या व्होल्टच्या आसपास पडायला हवेत, मग बाकीचे कुठे गेले? फ्युज होल्डर. हाताला कोमट लागला. आतल्या पितळी पट्ट्या हिरव्या पडल्या होत्या. होल्डर बदलला, वायर अडीच चौरस मिलिमीटरची घातली, आता सेटपाशी १३.६.

काकांच्या ओळखीने स्पेक्ट्रम अॅनलायझरही एक तास मिळाला. पट्ट्याबाहेर ट्रान्समिट करताना हार्मोनिक्स वाढतात का, ही शंका होती. १४५चा दुसरा हार्मोनिक २९०वर येतो. या सेटचा लो-पास फिल्टर १७४च्या वरचं कापायला बनवलेला, त्यामुळे २९० त्याच्या आवाक्यात व्यवस्थित येतं. मोजलं तर कॅरिअरपेक्षा ६० डेसिबलहून जास्त खाली. दोन्ही सेट स्वच्छ.

२ फेब्रुवारी

फ्रिक्वेन्सी. लाल सेट २० मिनिटं गरम करून काउंटरवर पाहिला, काउंटरला जीपीएसचा संदर्भ. १४५.५००वर ९१० हर्ट्झ खाली. अशा सेटला २.५ पीपीएम (दहा लाखांत अडीच भाग) म्हणजे या बँडवर साधारण ३६० हर्ट्झ चालतात. वयाने क्रिस्टल सरकला आहे. संदर्भ ऑसिलेटर सॉफ्टवेअरमधून जुळवला, ४० हर्ट्झच्या आत आला. निळा मुळातच १२० हर्ट्झवर होता, त्याला हात लावला नाही.

१५ फेब्रुवारी

निळा सेट पॅकेटसाठी. अॅक्सेसरी कनेक्टरवरून डिस्क्रिमिनेटरचा (सिग्नलमधून आवाज वेगळा काढणाऱ्या भागाचा) कच्चा ऑडिओ घेतला. हा स्क्वेल्चच्या आधीचा असतो, नेहमी उघडा.

१२०० बॉडचं पॅकेट १२०० आणि २२०० हर्ट्झ या दोन टोनवर चालतं. बहुतेक जण माइकच्या वाटेने पाठवतात, तिथे वरचा टोन जास्त मोठा केला जातो. स्पीकरच्या वाटेने ऐकलं तर तो परत खाली बसतो, कच्च्या ऑडिओत मात्र चढलेलाच राहतो, साधारण ५ डेसिबल. माझं डिकोडर यातली अर्धीअधिक पॅकेट टाकून देत होतं. डिकोडरमध्ये ही भरपाई करायची सोय होती, ती चालू केल्यावर सगळी उतरू लागली.

पाठवताना उलटं. माझी पॅकेट कोणी घेत नव्हतं. डेव्हिएशन मोजलं, ३ किलोहर्ट्झ, बरोबर. मग ट्रान्समिट चालू झाल्यापासून माहिती सुरू होईपर्यंतचा वेळ पाहिला: १५० मिलिसेकंद. या सेटचा सिंथेसायझर रिसीव्हवरून ट्रान्समिटवर जाऊन स्थिर होईपर्यंत जवळजवळ तेवढा वेळ घेतो, आणि पॅकेटचं डोकं कापलं जातं. ३०० केले. पुढचंच पॅकेट डिजिपीटरने (पॅकेटच्या रिपीटरने) परत म्हटलं.

२१ फेब्रुवारी

अंतराळ स्थानकासाठी लाल सेटमध्ये तीन चॅनल्स भरली होती: १४५.८०५, १४५.८००, १४५.७९५. स्थानक येताना डॉप्लरने, म्हणजे त्याच्या वेगामुळे, सिग्नल साडेतीन किलोहर्ट्झपर्यंत वर असतो, जाताना तितकाच खाली. वाइड फिल्टरवर मधलं चॅनलही चालून जातं, पण टोकांना आवाज फाटतो. फिरती खुंटी नसलेल्या सेटवर तीन चॅनल्सची ही युक्ती पुरते.

आज दहा मिनिटांचा पास होता. क्षितिजावर १४५.८०५ लावून बसलो. दोन मिनिटं नुसती शांतता, मग स्क्वेल्च उघडला. एका शाळेशी चाललेल्या संवादातलं अंतराळवीराचं उत्तर, मधूनच. मुलांचे प्रश्न माझ्याकडे येत नव्हते, फक्त उत्तरं. माथ्यावर आल्यावर मधलं चॅनल, उतरताना तिसरं. चॅनल बदलताना एकही शब्द गेला नाही. ज्या सेटचा कोअर मी तोडला होता तोच हा सेट. काकांना लगेच फोन केला, त्यांनी मागे चाललेलं रेकॉर्डिंग फोनवरच ऐकून घेतलं.

राहिलेली कामं: लाल सेटच्या इग्निशनची सोय निळ्यासारखी करून घ्यायची, दोन्ही फायलींच्या अंतिम प्रती पेटीत ठेवायच्या, झाकणाच्या आत व्हीसीओ आणि सिनॅडचे आकडे लिहिलेली चिठ्ठी चिकटवायची. निळ्याची चिठ्ठी लिहून झाली आहे.